डावीकडची सीट

गुरुवारी सकाळी पावणेनऊला माझी बायको माझी गाडी येताना बघून एस.टी. स्टँडच्या खांबामागे गेली. असं काही झालंच नाही, आपल्याला भास झाला, अशी स्वतःची समजूत घालण्यात मी चांगला तरबेज आहे. पण या वेळी ते जमेना. फिकट निळी साडी नेसलेली, हातात कापडी पिशवी धरलेली, साठीला टेकलेली राही रांगेतून बाहेर पडली, दोन पावलं मागे सरकली आणि खांबाआड उभी राहिली. पिशवी तेवढी बाहेर राहिली होती. तीही तिने हळूच आत ओढून घेतली. मी तिला संगमेश्वरला सोडायला निघालो होतो. तिची थोरली बहीण सावित्री तिकडे असते, दीड वर्ष अंथरुणाला खिळलेली, आणि राही दर दुसऱ्या गुरुवारी तिच्याकडे जाते. दारात गाडी उभी असताना एस.टी.ने जाते. त्या सकाळी ती बाहेर पडल्यावर मी किल्ली हातात धरून बराच वेळ बसलो आणि शेवटी ठरवलं, की मान गेली तर गेली, आज स्टँडवर जाऊन तिला सरळ म्हणायचं, गाडीत बस. ते म्हणायची वेळच आली नाही. मी मधेच ब्रेक दाबला, मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला, मी घाईघाईने गियर टाकला आणि पायाखाली काहीतरी काडकन मोडलं.

गाडी तशीच रखडत मिरजोळ्याकडे नेली. तिथे एमआयडीसीत बाबू शिवलकरचं गॅरेज आहे हे ऐकून होतो, पण गेलो कधी नव्हतो. बत्तीस वर्षं जहाजाची इंजिनं सांभाळलेल्या माणसाने गॅरेजची पायरी चढायची म्हणजे हलवायाने दुसऱ्याच्या दुकानातून पेढे आणण्यासारखं. शेवटची अकरा वर्षं मी चीफ इंजिनिअर होतो. रत्नागिरीत अजून मला चीफ म्हणतात, भाजीवालीसुद्धा, आणि मी म्हणू देतो. निवृत्त झालो त्याच वर्षी ही गाडी घेतली. दोन सीटांची, तांबडी, बुटकी, पुण्याच्या एका डॉक्टरांनी हौसेने वापरलेली. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. साठ वर्षांचा माणूस स्पोर्ट्स कार घेतो तेव्हा नाचणे रोडवरचे लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे, आणि ते बोलतात त्यातलं निम्मं खरंही आहे. तीन मजली घराएवढी इंजिनं मी जन्मभर सांभाळली, पण त्यातलं एकही कधी माझ्या पायाच्या दाबाने पळालं नाही. ती हौस होतीच. उरलेलं निम्मं मात्र कोणाला माहीत नाही. गाडी घरी आणली त्या दिवशी मी राहीला म्हणालो होतो, "दोनच सीट आहेत. तिसरं कोणी मधे येणार नाही." बत्तीस वर्षांतली बावीस मी पाण्यावर काढली, त्याबद्दल मला तिच्याशी जे बोलायचं होतं ते एवढ्यात बसवलं होतं. ती हसली होती. मला या गाडीकडून एवढंच हवं होतं, की उजवीकडे मी, डावीकडे राही, आणि पुढे जो असेल तो रस्ता.

पहिली दोन वर्षं तशी गेलीसुद्धा. भाट्याचा पूल, पावस, आरे-वारेचा वळणांचा रस्ता. ती ओढणी डोक्याला बांधून बसायची आणि समुद्र दिसला की बोट करून दाखवायची, जसा काही मी तो पाहिलेलाच नव्हता. मग गेल्या दिवाळीच्या आधी इंजिनाखालची रबरं गेली. गॅरेजवाले त्यांना फाउंडेशन म्हणतात. इंजिन ज्या तीन ठिकाणी गाडीला बांधलेलं असतं तिथे मधे रबर असतं, ते फाटलं की इंजिन आपल्या जागेवर डुलायला लागतं. रबरं मिळेनात. मी मुंबईपर्यंत फोन केले आणि शेवटी म्हटलं, आपण कोण आहोत हे आपल्याला आठवायला हवं. जहाजावर मुख्य इंजिन घट्ट बसवलेलं असतं. खाली चॉक, म्हणजे घट्ट ठोकळे, घालून असं जखडतात की बोटभरही हलता कामा नये. हललं तर त्याचा दांडा वाकडा होतो आणि चीफची नोकरी जाते. मी मिरकरवाड्याला जेटीवरच्या सुताराकडून ऐनाचं जुनं, पाणी पिऊन दगड झालेलं लाकूड आणलं, गॅलरीत बसून तीन दिवस कापलं, घासलं, भोकं पाडली आणि तीन ठोकळे इंजिनाखाली बसवले. अर्ध्या मिलिमीटरचा फरक नव्हता. इतका आनंद मला निवृत्तीनंतर कशानेच झाला नव्हता. त्यानंतर राही महिनाभर गाडीत बसली असेल. मग एकदा म्हणाली, "मला एस.टी.च बरी," आणि तेव्हापासून डावीकडची सीट रिकामी आहे.

का, ते मी विचारलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे असं मी धरून चाललो होतो. मिरजोळ्याच्या रस्त्यावर त्या दिवशी मी तोच हिशेब पुन्हा मांडत होतो. मृणाली झाली तेव्हा मी कुठल्याशा आखातात नांगर टाकून बसलो होतो, मुलगी झाल्याची बातमी रेडिओ ऑफिसरने मला कागदावर लिहून दिली. बाबा गेले तेव्हा राहीने त्यांच्या तोंडात पाणी घातलं, आणि मी पोचलो तो तेराव्यानंतर. पावसाळ्याच्या तोंडावर कौलं तिनेच शाकारून घेतली, मग घर मोडून फ्लॅट घेतला तोही तिनेच उभं राहून. मृणालीचं कॉलेज, लग्न, जावयाशी पहिलं बोलणं, सगळं तिचं. मी चार महिने यायचो, चॉकलेटं आणि परफ्यूम आणायचो, आणि पाहुण्यासारखा बसून मासे खायचो. इतकं झाल्यावर बाईने एक दिवस ठरवलं असेल, की तुम्ही नव्हतात तेव्हा मी सगळं केलं, आता तुम्ही आहात तर एकटे फिरा. मला ते न्याय्यही वाटत होतं. फक्त ती खांबामागे जाईल इतकं काही वाटलं नव्हतं. राग आलेला माणूस तोंड फिरवतो. लपतो तो वेगळ्या कारणाने. हे कळायला मला मिरजोळ्यापर्यंतसुद्धा जावं लागलं नाही, पण कळून उपयोग काहीच नव्हता, कारण ती माझ्यापासून का लपावी हे मला सुचेना.

बाबू शिवलकर पंचेचाळिशीचा, किडकिडीत, कानावर पेन्सिल. गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी त्याच्या पायांकडे बघत उभा. मग आतूनच आवाज आला, "काका, ह्या कोणी घातलंन?" मला चीफ न म्हणणारा पहिला माणूस भेटला होता आणि त्यालाच मी खोटं बोललो. म्हटलं, मुंबईच्या एका मेकॅनिकने. बाबू सरपटत बाहेर आला, हातात अर्धा फुटलेला ठोकळा, आणि मुंबईच्या त्या मेकॅनिकचा त्याने शांतपणे, आवाज न चढवता जो उद्धार केला तो मला उभ्या उभ्या ऐकावा लागला. डोकं गहाण टाकलंन होतं काय, बसणाऱ्याच्या हाडांची काय पडलीच नव्हती काय, असं बरंच. मी मान डोलावत होतो. शेवटी मला राहवलं नाही. म्हणालो, "जहाजावर इंजिन असंच बसवतात." बाबूने माझ्याकडे पाहिलं. मग ठोकळा हातात फिरवत म्हणाला, "माझा बाबा होड्या बांधायचा. तोसुद्धा इंजिनाखाली ऐनच घालायचा, असाच. पण होडी पाण्यावर बसते ओ काका. पाणी हाच तिचा रबर. ही गाडी कशावर बसलीय? डांबरावर." बत्तीस वर्षांत ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. आपण तरंगत होतो, हे मी विसरलोच होतो.

मग तो म्हणाला, काढायच्या आधी मला एक चक्कर मारून बघायची आहे. फुटलेल्या ठोकळ्याला त्याने लोखंडी पट्टी आवळली, म्हणजे होतं तसं झालं, आणि उजवीकडे जाऊन बसला. मी दार धरून उभाच. "बसा ना," तो म्हणाला, "चालवणाऱ्याला तक्रार कळत नाय. बाजूला बसतो त्याला कळते." तीन वर्षांत मी माझ्या गाडीत डावीकडे पहिल्यांदाच बसलो. सांगायला लाज वाटते, पण पहिला मिनिटभर मला बरं वाटलं. ओळखीची थरथर तळव्यांतून वर आली आणि मला एखाद्या जुन्या केबिनमध्ये परत आल्यासारखं झालं. मग बाबूने तिसरा गियर टाकला. थरथर नडगीतून गुडघ्यात आली, गुडघ्यातून माकडहाडात, आणि तिथून ती पुढे कुठे जाईना, तिथेच ठोकत बसली. उजव्या बाजूला हातात स्टिअरिंग असतं, पायांना काम असतं, डोक्याला रस्ता असतो. डावीकडे नुसतं बसायचं असतं. माझे दात एकमेकांवर वाजत होते. चंपक मैदानाजवळच्या चढाला मी सीटची कड धरली आणि माझ्या बोटांना दाराच्या फटीत काहीतरी मऊ लागलं. ओढून काढलं तर रुमाल होता, राहीचा, चौकोनी घडी घालून फटीत दाबून बसवलेला, दार वाजू नये म्हणून. समोरच्या कप्प्याच्या झाकणाखाली दुसरा होता, लहानसा, फुलाफुलांचा. पायाखाली रबरी मॅट होती आणि तिच्याखाली आमच्या बाथरूमजवळचं जुनं पायपुसणं, दुमडून दुहेरी केलेलं. मी दर रविवारी ही गाडी पुसतो. बाहेरून.

राहीच्या मणक्यात दोष आहे. म्हणजे, तशी माझ्याकडे माहिती आहे. मी चिलीच्या किनाऱ्याला होतो तेव्हा तिला सहा आठवडे सक्तीने झोपवून ठेवलं होतं, मृणालीने ईमेल केली होती, मी उलट लिहिलं होतं की काळजी घे. घरी आलो तेव्हा ती हिंडती-फिरती होती, मग तो विषय संपला. माझ्यापुरता संपला. आता डावीकडच्या सीटवर बसून मला तो एक महिना, गेल्या दिवाळीचा, पुन्हा दिसायला लागला, आणि या वेळी तिच्या बाजूने. ती पाठीशी घ्यायला घरून छोटी उशी आणायची; मला वाटायचं, माझ्या गाडीच्या सीटला नाव ठेवतेय. भाट्याच्या पुलाअलीकडे म्हणायची, "मी जरा चालते, तुम्ही पलीकडे थांबा". मी पलीकडे थांबून घड्याळ बघायचो. घरी आल्यावर ती दारातच भिंतीला टेकून मिनिटभर उभी राहायची, आणि मी चप्पल काढता काढता विचारायचो, "कशी वाटते आता गाडी?" ती म्हणायची, "छान." त्या 'छान'मध्ये नाराजी शोधण्यात मी वर्ष घालवलं. ते खोटं होतं, एवढंच. माझ्यासाठी बोललेलं खोटं. बाबूने गाडी वळवून गॅरेजात आणली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकींना लय त्रास झाला असंल." मी दोन्ही रुमाल खिशात घातले होते. म्हटलं, हो. बाबूने पुढे काही विचारलं नाही. त्याचे माझ्यावर हे पहिले उपकार.

नवी रबरं मिळणार नव्हतीच. पण रबर ज्यात बसतं ती जुनी लोखंडी वाटी असेल तर कोल्हापूरला एक माणूस तिच्यात नवीन रबर चढवून देतो, बाबू म्हणाला. वाट्या मी टाकल्या नव्हत्या. जहाजावरचा माणूस काही टाकत नाही. दहा दिवस लागणार होते. घरी मी राहीला एवढंच सांगितलं की गाडीचं थोडं काम निघालंय. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबलं. "किती दिवस?" तिने विचारलं. दहा म्हटल्यावर म्हणाली, "एवढे?" आणि मग दिवसभर माझ्याकडे अधूनमधून बघत राहिली, ताप आलेल्या पोराकडे बघतात तशी. हे कोडं मला सुटेना. जी गाडी दिसली की ती खांबाआड जाते ती गाडी नाही म्हणून तिने चिंता का करावी. स्टँडवरचं मी बोललो नाही, तीही बोलली नाही. मात्र दुपारी जेवण झालं की ती खोलीचे पडदे ओढायची, पंखा एकावर करायची, मोबाइल घेऊन बाहेर जायची आणि दार इतकं हळू लावायची की त्यानेच मी जागा व्हायचो.

झोपेबद्दल थोडं सांगायला हवं. जहाजावर इंजिन चालू असतं तोवर माणूस झोपतो. उशी थरथरते, ग्लासातलं पाणी थरथरतं, लोखंडी भिंतीला टेकलेला खांदा थरथरतो, आणि त्या सगळ्याच्या आत माणूस निवांत असतो, कारण सगळं ठीक चाललं आहे. इंजिन थांबलं की तो ताडकन उठतो. शांतता हाच आमचा भोंगा. एकदा भर समुद्रात सगळे दिवे आणि इंजिन एकदम गेलं, आणि दोन मिनिटांत सव्वीस माणसं अंथरुणातून बाहेर होती, कोणी कोणाला उठवलं नव्हतं. निवृत्त होऊन नाचणे रोडवरच्या फ्लॅटमध्ये आलो तर इथे सगळीकडे थांबलेलं इंजिन. पाठ टेकली की अंग सांगायचं, ऊठ, काहीतरी बंद पडलंय. पहिली दोन वर्षं मी धड झोपलो नाही. राहीची झोप मोडू नये म्हणून उठून गॅलरीत जाऊन उभा राहायचो, तिथून आंब्याची बाग आणि तिच्यामागे पाण्याची टाकी दिसते, आणि उजाडायची वाट बघायचो. मग गेल्या दिवाळीपासून हे आपोआप सुधारलं. सकाळी तासभर गाडी फिरवून आणायचो, जेवायचो, आणि दुपारी जो आडवा व्हायचो तो पाच वाजता उठायचो. रात्रीही चार-पाच तास सहज. मला वाटलं, निवृत्ती अंगाला लागली. माणूस कशालाही सरावतो. गाडी बाबूकडे होती त्या दहा दिवसांत मात्र दुपारी डोळा लागेना. पडद्याच्या फटीतून येणारी उन्हाची पट्टी भिंतीवरून सरकताना बघत पडून राहायचो, आणि तेव्हाही मी दोन आणि दोन एकत्र ठेवले नाहीत. इंजिनाच्या बाबतीत मी हुशार आहे, बाकी ठिकाणी वेळ लागतो.

अकराव्या दिवशी वाट्या आल्या. बाबूने मला येऊ नका म्हटलं नाही, आणि मी आलो तर नुसता उभा ठेवला नाही, हेही मला इथे लिहून ठेवायचं आहे. त्याने इंजिनाच्या पोटाखाली फळी ठेवली, फळीखाली जॅक, आणि इंजिन हळूहळू इतकंच उचललं की ठोकळ्यांवरचं ओझं निघून जावं. "बोल्ट तुम्ही काढा," म्हणाला. मी काढले. तिन्ही ठोकळे हातात आले, त्यांच्यावर माझ्या पेन्सिलीच्या खुणा अजून होत्या, आणि त्या बाबूला दिसल्या, कारण ठोकळ्यावर मी माझ्या सवयीने आकड्यांबरोबर तारीख आणि सही केली होती. त्याने सही वाचली. मग पेन्सिल कानावर नीट बसवत म्हणाला, "त्या मुंबईवाल्याचं माप मात्र एक नंबर होतं हां. सुताराचा हात आहे त्याला." माझे डोळे भरून आले, आणि ते पुसायला दोन्ही हातांना ग्रीस होतं. कोणी माझी लाज राखली की मला काय होतं हे मला त्या दिवशी कळलं. बत्तीस वर्षं मी माणसांना चुका दाखवण्याचा पगार घेतला होता.

नवी रबरं बसली. मी पाना घेऊन बोल्ट आवळायला वाकलो तर बाबूने माझं मनगट धरलं. "अजून नाय. ढिले ठेवा." त्याने गाडी चालू केली, आणि आम्ही दोघं बॉनेटपाशी उभे राहिलो. इंजिन थोडं इकडे सरकलं, थोडं तिकडे, मग किंचित मागे टेकलं. "त्याचं त्याला बसूं दे," बाबू म्हणाला. "आपण आवळलं तर आपण म्हणू तिथे बसतं, पण मग जन्मभर कुरकुर करतं. पहिलं त्याने आपली जागा घ्यायची, मग आपण आवळायचं." आम्ही दहा मिनिटं नुसते बघत होतो. घाई करणारं कोणी नव्हतं. मग तो म्हणाला आता, आणि मी तिन्ही बोल्ट एकामागून एक आवळले. बॉनेटवर हात ठेवला तर तळहाताला जवळजवळ काहीच लागेना. मी वाकून आत पाहिलं, इंजिन बंद पडलं की काय म्हणून. पंखा फिरत होता. चालू होतं.

पुढच्या गुरुवारी सकाळी राही पिशवी भरत होती तेव्हा मी म्हणालो, "आज मी सोडतो तुला." ती पिशवीचा बंद बांधत राहिली. माझ्या मनात होतं की तिला सगळं सांगावं, बाबू, रुमाल, पायपुसणं, आणि मग बस म्हणावं. पण सगळं सांगून बसवण्यात मजा नव्हती. तिने बसायला हवं होतं आणि कळायला हवं होतं. आणि ती नाही म्हणाली तर मी पुन्हा विचारणार नव्हतो, हेही मी ठरवलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, दहा दिवस न झोपलेल्या माझ्या डोळ्यांकडे, आणि म्हणाली, "चला." आत गेली आणि उशी घेऊन आली. म्हणजे ती त्रास होणार हे धरून येत होती. मी तिच्या बाजूचं दार उघडून धरलं. मारुती मंदिरापर्यंत ती दोन्ही पाय जमिनीला रेटून, खांदे आवळून बसली होती. कुवारबाव गेलं. तिचा हात दाराच्या फटीकडे गेला, तिथे रुमाल नव्हता, आणि दार वाजत नव्हतं. हातखंब्याला आम्ही हायवेला लागलो, तिथला खोदून ठेवलेला भाग संपला आणि मी तिसरा गियर टाकला, मग चौथा. निवळीच्या उतारावर तिने पाठीमागची उशी काढून मांडीवर घेतली.

"काढलेत ते ठोकळे?" तिने विचारलं. मोठ्याने बोलावं लागलं नाही. गाडीत आवाजच नव्हता. मी म्हटलं, तुला ठाऊक होतं? "गॅलरीतला भुसा कोण झाडत होतं तीन दिवस?" ती म्हणाली. मी गाडी हळू केली. म्हणालो, "मग सांगितलं का नाहीस? वर्षभर तू एस.टी.त धक्के खाल्लेस. त्या दिवशी खांबामागे गेलीस." ती थोडी ओशाळली. मांडीवरच्या उशीचा कोपरा दुमडत, उलगडत राहिली. "तुम्ही बस म्हटलं असतंत तर मला नाही म्हणता आलं नसतं. आणि बसले असते तर तिकडे सावित्रीच्या शेजारी आणखी एक खाट घालावी लागली असती." मग बावनदीचा पूल आला. खाली पाणी कमी होतं, मधल्या खडकांवर कोणी कपडे वाळत घातले होते. पूल ओलांडल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही झोपायला लागला होतात."

मला आधी कळलंच नाही. मग ती सांगत गेली, आणि मी ऐकत गाडी चालवत राहिलो. ठोकळे घातले त्याच दुपारी, गाडी फिरवून आल्यावर, मी सोफ्यावर बसल्या बसल्या झोपलो होतो, जेवणाआधी, तोंड उघडं टाकून. तिने ताट झाकून ठेवलं होतं आणि दोन तास समोर बसून बघत राहिली होती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ज्या दिवशी गाडी निघाली नाही त्या दिवशी झोप नाही, हे तिने तपासून पाहिलं होतं, कॅलेंडरवर फुल्या करून. मग सावित्रीने विचारलं, नवऱ्याची एवढी गाडी असताना तू एस.टी.ने का येतेस, तेव्हा राही तिला म्हणाली होती, असूं दे, त्यांचं औषध आहे ते. मी पुढे रस्ता बघत होतो. तीन ट्रक, एक एस.टी., डावीकडे चिऱ्याच्या खाणी. ज्या बाईने शिक्षा म्हणून मला एकटं सोडलं असं मी वर्षभर मानत होतो तिने माझी झोप जपली होती, स्वतःची पाठ वाचवून, मला न कळू देता. माझी योग्यता याच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. मला तिचे आभार मानायचे होते, पण आमच्यात ती रीत नाही, आणि छत्तीस वर्षांनी एकदम सुरुवात केली तर ती घाबरली असती. मी एवढंच म्हणालो, "राही, फार केलंस." तिच्याकडे वळून पाहिलं. ती म्हणाली, "समोर बघा."

वांद्री मागे पडलं. संगमेश्वर आता पंधरा मिनिटांवर होतं. गाडी इतकी मुकाट धावत होती की तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या.

"हे रबर घालून झोप गेली ना तुमची," ती म्हणाली.

"येईल हळूहळू."

"नाही आली, तर त्या गॅलरीत जाऊन एकटे उभे राहू नका. मला हाक मारा."

"तू झोपलेली असतेस गं."

"नसते," राही म्हणाली.